उद्यानातील विनामूल्य शेक्सपिअर

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक उद्यानांतून उन्हाळ्यात प्रवेशमूल्य न घेता सादर करण्यात येणारे नाट्यप्रयोग. ‘शेक्सपिअर इन द पार्क’ या नावाने ते सर्वत्र ओळखले जातात. जोसेफ पॅप (१९२१–९१) या निर्मात्याने १९५६ मध्ये त्यांचा पाया घातला आणि १९६२ पासून सेंट्रल पार्कमधील डेलाकॉर्ट रंगमंदिर हे त्यांचे मुख्य केंद्र झाले. या उपक्रमात शेक्सपिअरच्या शोकात्मिका व ऐतिहासिक नाटके यांचेही प्रयोग होतात. तथापि त्याच्या इतिहासातील बहुतेक निर्णायक वळणे प्रणयप्रधान सुखात्मिकांच्या प्रयोगांशी निगडित आहेत. या इतिहासाचा गाभा ‘विनामूल्य’ या एका शब्दात आहे. प्रयोग उघड्यावर करणे ही नवी गोष्ट नव्हती. तो कोणासही पैसे न देता पाहता यावा, हा आग्रह मात्र नवा होता आणि तो टिकविण्यासाठी प्रत्येक पिढीला नव्याने झगडावे लागले.

पूर्वपीठिका : शेक्सपिअरच्या हयातीतील लंडनची ‘ग्लोब’सारखी सार्वजनिक नाट्यगृहे मध्यभागी उघडी असत व प्रयोग दिवसाउजेडी होत. तेथे एक पेनी देऊन पटांगणात उभे राहता येई. बसावयाचे असल्यास अधिक पैसे पडत. म्हणजे नाटक आकाशाखाली होत असले, तरी ते फुकट नव्हते. पुढे रंगभूमी बंदिस्त झाली, दिव्यांचा व नेपथ्याचा खर्च वाढला आणि प्रवेशमूल्यही चढत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उघड्यावरील प्रयोगांची हौस पुन्हा निर्माण झाली. १८८४ मध्ये सरे परगण्यातील कूम येथील वनात लेडी आर्चिबॉल्ड कॅम्बेल व वास्तुविशारद ई. डब्ल्यू. गॉडविन यांनी ॲज यू लाइक इट या सुखात्मिकेचे प्रयोग केले. बेन ग्रीट याच्या नटसंचाने १८८६ पासून उद्यानांतून व महाविद्यालयांच्या आवारांतून असे प्रयोग रूढ केले. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १९३२ मध्ये ट्वेल्फ्थ नाइट या सुखात्मिकेचे प्रयोग झाले व त्यांच्या यशातून तेथील खुली रंगभूमी उभी राहिली. अमेरिकेत ओरेगन राज्यातील ॲशलंड येथे १९३५ मध्ये सुरू झालेल्या महोत्सवातही ट्वेल्फ्थ नाइट होते. खुल्या जागेसाठी सुखात्मिकांचीच निवड वारंवार झाली, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. ॲज यू लाइक इट मधील पात्रे राजसभा सोडून आर्डनच्या अरण्यात जातात. अ मिडसमर नाइट्स ड्रीम मधील प्रेमिक रात्रभर वनात भटकतात. मच अडू अबाउट नथिंग मध्ये बेनेडिक व बिआट्रिस यांना झाडाआडून दुसऱ्यांचे बोलणे ऐकवून फसविले जाते. अशा प्रसंगांना खऱ्या वृक्षांची पार्श्वभूमी फुकटात मिळते. परंतु या सर्व उपक्रमांत प्रेक्षक तिकीट काढूनच बसत. कूम येथील प्रेक्षकवर्ग तर प्राधान्याने उच्चभ्रू समाजातला होता.

अमेरिकेत दोन प्रयत्नांनी वेगळी दिशा दाखविली. शेक्सपिअरच्या मृत्यूस ३०० वर्षे झाली, त्या निमित्ताने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइसॉन स्टेडियममध्ये पर्सी मकायकृत कॅलिबन बाय द यलो सँड्स हा भव्य खेळ झाला. त्यात शहरातील शेकडो सामान्य नागरिकांनी भाग घेतला होता. पुढे महामंदीच्या काळात, १९३५ ते १९३९ या वर्षांत, केंद्र शासनाच्या ‘फेडरल थिएटर प्रॉजेक्ट’ने बेकार नटांना काम देताना अल्प दरात, आणि पुष्कळदा विनामूल्य, नाटके दाखविली. काँग्रेसने अनुदान बंद करताच ही योजना संपुष्टात आली. शासनाच्या कृपेवर उभे असलेले विनामूल्य नाटक किती अल्पायुषी ठरू शकते, याचा धडा या घटनेने दिला.

जोसेफ पॅप व आरंभीचे प्रयोग : पॅप याचा जन्म ब्रुकलिन येथे पूर्व यूरोपातून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. त्याचे मूळ आडनाव पापिरोफ्स्की. शेक्सपिअरची पहिली ओळख त्याला शाळेत व सार्वजनिक ग्रंथालयात झाली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा केल्यावर त्याने हॉलिवुडच्या ‘ॲक्टर्स लॅबोरेटरी’त नाट्यशिक्षण घेतले आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीत रंगमंच-व्यवस्थापकाची नोकरी धरली. नोकरी सांभाळून १९५४ मध्ये त्याने लोअर ईस्ट साइड या श्रमिकांच्या वस्तीतील एका चर्चच्या सभागृहात ‘शेक्सपिअर वर्कशॉप’ ही संस्था स्थापन केली. ग्रंथालयात पुस्तक वाचण्यास पैसे पडत नाहीत, तर अभिजात नाटक पाहण्यास ते का पडावेत, हा त्याच्या भूमिकेचा आधार होता.

१९५६ च्या उन्हाळ्यात ईस्ट रिव्हर पार्कमधील खुल्या रंगमंचावर त्याने ज्यूलिअस सीझर व त्यापाठोपाठ द टेमिंग ऑफ द श्रू ही नाटके सादर केली. दुसऱ्या नाटकातील कॅथरिनाची भूमिका कोलीन ड्यूहर्स्ट हिने केली. पुढे ती अमेरिकन रंगभूमीवरील अग्रगण्य अभिनेत्री ठरली. या नाटकाचे कथानक मराठी रसिकांस अपरिचित नाही. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी १८९० च्या सुमारास केलेले त्याचे त्राटिका हे रूपांतर शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले व गणपतराव जोशी आणि बळवंतराव जोग यांच्या भूमिकांमुळे ते अतिशय गाजले. मात्र त्राटिका तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांपुढे झाले, तर ईस्ट रिव्हर पार्कमधील प्रेक्षक आजूबाजूच्या वस्तीतून मुलाबाळांसह चालत आलेले होते व त्यांतील कित्येकांनी त्यापूर्वी नाट्यगृहात पाऊलही टाकलेले नव्हते. आवडले तर मोठ्याने दाद द्यावी, न आवडल्यास उठून जावे, अशी त्यांची रीत होती. पती-पत्नींच्या भांडणाचे हे धसमुसळे नाटक अशा श्रोत्यांपुढे रंगले. एका प्रयोगास न्यूयॉर्क टाइम्सचे ज्येष्ठ समीक्षक ब्रुक्स ॲटकिन्सन उपस्थित होते. पावसामुळे तो प्रयोग अर्ध्यावर थांबला. परंतु त्यांच्या अनुकूल लेखनामुळे या हौशी वाटणाऱ्या उपक्रमाकडे शहराचे लक्ष वेधले.

पुढील वर्षी एका मालमोटारीवर घडीचा रंगमंच बसवून रोमिओ अँड ज्यूलिएट, द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना व मॅक्बेथ ही नाटके शहराच्या निरनिराळ्या विभागांतील उद्यानांतून दाखविण्यात आली. ही मालमोटार सेंट्रल पार्कमधील बेल्व्हिडिअर तलावाजवळ बंद पडली व रंगमंच तेथेच राहिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. कारण काहीही असो, १९५७ पासून त्या तलावाकाठी या प्रयोगांचे बस्तान बसले.

हिरवळीचा वाद : न्यूयॉर्कची उद्याने त्या काळी रॉबर्ट मोझेस या अत्यंत प्रभावशाली उद्यान आयुक्ताच्या अखत्यारीत होती. प्रारंभी त्याने या प्रयोगांस परवानगी व साहाय्यही दिले. परंतु १९५८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीपुढे पॅप याला पाचारण करण्यात आले. कम्युनिस्ट पक्षाशी इतरांच्या असलेल्या संबंधांविषयी माहिती देण्यास त्याने नकार दिला. परिणामी त्याची सीबीएसमधील नोकरी गेली. लवादाच्या निर्णयाने ती पुढे परत मिळाली, तरी त्याच्याविषयी संशयाचे वातावरण निर्माण झाले.

१९५९ च्या वसंत ऋतूत मोझेसने अशी अट घातली, की प्रयोगांना एक व दोन डॉलर प्रवेशमूल्य आकारावे व त्याचा काही भाग उद्यान विभागास द्यावा. प्रेक्षकांच्या वावरामुळे हिरवळ नष्ट होते, माती धुपते आणि त्यांची डागडुजी करण्याचा खर्च विभागास सोसावा लागतो, असे कारण त्याने दिले. हे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. हजारो माणसे दररोज एका जागी बसली, तर गवत मरते. आणि सार्वजनिक निधीतून होणारा खर्च कोणी भरून द्यावा, हा प्रश्न कोणत्याही प्रशासकापुढे उभा राहतोच. परंतु पॅप याला प्रवेशमूल्याची अट मान्य नव्हती. एक डॉलर ही रक्कम लहान असली, तरी ती आकारताच उद्यानातील नाटक हे ग्रंथालयासारखी सार्वजनिक सोय न राहता विक्रीची वस्तू होईल आणि ज्यांच्यासाठी ते आहे तेच कुंपणाबाहेर राहतील, असे त्याचे म्हणणे होते. दरम्यान उद्यान विभागाकडून पॅप याच्या राजकीय पूर्वेतिहासाविषयीचे एक निनावी पत्र प्रसृत करण्यात आल्याने वाद चिघळला. वृत्तपत्रांनी व नागरिकांनी मोठ्या प्रमाणावर पॅप याची बाजू घेतली.

प्रकरण न्यायालयात गेले. कनिष्ठ न्यायालयाने आयुक्ताच्या बाजूने निकाल दिला. परंतु जून १९५९ मध्ये अपील न्यायालयाने तो एकमताने फिरविला. प्रवेशमूल्य घेण्याची सक्ती ही मनमानी व अवाजवी आहे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र उद्यानाच्या देखभालीचा वाजवी खर्च मागण्याचा विभागाचा अधिकार त्याने मान्य केला. त्यानुसार मोझेसने २०,००० डॉलरांची मागणी केली व ती रक्कम देणग्यांतून उभी राहिली. ऑगस्टमध्ये ज्यूलिअस सीझरचे प्रयोग विनामूल्य झाले.

या निकालाचे महत्त्व त्या एका हंगामापुरते नव्हते. नाटक विनामूल्य असले, तरी त्याचा खर्च कोणीतरी करतोच. तो प्रेक्षकाकडून दारात वसूल करावयाचा, की समाजाने एकत्रितपणे उचलावयाचा, एवढाच प्रश्न असतो, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच स्पष्टपणे मांडली गेली. पराभवानंतर मोझेसने घेतलेला पवित्रा लक्षणीय आहे : सेंट्रल पार्कमध्ये या प्रयोगांसाठी कायमचा रंगमंच बांधण्याकरिता नगरपालिकेने निधी द्यावा, अशी शिफारस त्यानेच केली.

डेलाकॉर्ट रंगमंदिर : प्रकाशक जॉर्ज टी. डेलाकॉर्ट याने दिलेली १,५०,००० डॉलरांची देणगी व नगरपालिकेचा निधी यांतून तलावाकाठी अर्धवर्तुळाकार खुले रंगमंदिर बांधण्यात आले. एल्डन एल्डर याने त्याचा आराखडा तयार केला. १८ जून १९६२ रोजी द मर्चंट ऑफ व्हेनिस या नाटकाने त्याचे उद्‌घाटन झाले. शायलॉकची भूमिका जॉर्ज सी. स्कॉट याने केली होती. रंगमंदिराची क्षमता सुमारे १,८०० प्रेक्षकांची आहे. रंगमंचामागे तलाव व त्यापलीकडे टेकडीवरील बेल्व्हिडिअर किल्ला दिसतो. विमानांचा आवाज, मध्येच येणारी पावसाची सर आणि रंगमंचावर अवचित अवतरणारे रॅकून हे प्राणी या गोष्टी येथील प्रयोगाचा भाग म्हणूनच स्वीकारल्या जातात. हलक्या पावसात प्रयोग चालू राहतो. जोराची सर आल्यास तो थांबवून पुन्हा सुरू करतात.

रंगमंदिर कायमचे झाले, तरी वस्त्यांमध्ये नाटक नेण्याची मूळ कल्पना पॅप याने सोडली नाही. १९६४ पासून फिरत्या रंगमंचावरून शहराच्या पाचही विभागांत प्रयोग होऊ लागले. त्यांपैकी पहिले नाटक अ मिडसमर नाइट्स ड्रीम हे होते. स्पॅनिश भाषक वस्त्यांसाठी त्या भाषेतील प्रयोगही करण्यात आले. पात्रयोजनेत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशाच्या नटांना शेक्सपिअरच्या प्रमुख भूमिका देण्याची प्रथा या संस्थेने, इतरत्र ती दुर्मिळ असताना, रुजविली.

विनामूल्य प्रयोग व व्यापारी रंगभूमी : १९६७ मध्ये संस्थेने जुन्या ॲस्टर ग्रंथालयाच्या इमारतीत ‘पब्लिक थिएटर’ हे बंदिस्त नाट्यगृह सुरू केले. तेव्हापासून विनामूल्य प्रयोगांचा खर्च भागविण्यासाठी ब्रॉडवेवरील व्यापारी रंगभूमीचा आधार घेणे, हा मार्ग अवलंबिला गेला. द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना या सुखात्मिकेचे गॅल्ट मक्डर्मट याने संगीतबद्ध केलेले रूपांतर १९७१ मध्ये प्रथम उद्यानात झाले. ते ब्रॉडवेवर गेले व उत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. १९७५ मध्ये पब्लिक थिएटरमध्ये जन्मलेली अ कोरस लाइन ही संगीतिका ब्रॉडवेवर १९९० पर्यंत चालली. तिच्या ६,१३७ प्रयोगांच्या उत्पन्नावर उद्यानातील विनामूल्य हंगाम दीर्घकाळ तगले.

या दोन रंगभूमींमधील विसंगती मच अडू अबाउट नथिंगच्या १९७२ मधील प्रयोगाने उघड केली. दिग्दर्शक ए. जे. अँटून याने नाटकाचा काळ पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकेत आणला. युद्धावरून परतलेले सैनिक, ब्रास बँड, त्या काळच्या मूकपटांतील विनोदी पोलिसांसारखे डॉगबेरीचे पहारेकरी अशी त्याची मांडणी होती. बेनेडिक व बिआट्रिस यांच्या भूमिका सॅम वॉटरस्टन व कॅथलीन विडोज यांनी केल्या. उद्यानात अलोट गर्दी खेचलेला हा प्रयोग नोव्हेंबर १९७२ मध्ये ब्रॉडवेवरील विंटर गार्डन नाट्यगृहात नेण्यात आला. तेथे तो चालू असतानाच २ फेब्रुवारी १९७३ रोजी सीबीएसने त्याचे दूरचित्रवाणी रूप राष्ट्रभर प्रक्षेपित केले. कोणत्याही नाट्यगृहाला वर्षानुवर्षांत लाभणार नाहीत एवढे प्रेक्षक त्या एका रात्री त्याला लाभले. त्यानंतर मात्र तिकीटविक्री एकदम खाली आली आणि काही दिवसांतच ब्रॉडवेवरील प्रयोग बंद करावे लागले. जे घरबसल्या फुकट पाहता आले, त्यासाठी पैसे देण्यास लोक तयार नव्हते. विनामूल्य नाटक लोकांपर्यंत पोहोचविण्याचे ध्येय व त्याच नाटकाच्या विक्रीतून ते पोसण्याची योजना या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येऊ शकतात, हे या घटनेने दाखवून दिले.

उद्यानातील सुखात्मिकांना नामवंत नटनटींचे आकर्षण याच काळात जोडले गेले. १९७८ मध्ये द टेमिंग ऑफ द श्रू मध्ये मेरिल स्ट्रीप व राउल जुलिया, १९८८ मध्ये मच अडू अबाउट नथिंगमध्ये ब्लाइद डॅनर व केव्हिन क्लाइन, तर १९८९ मध्ये ट्वेल्फ्थ नाइटमध्ये मिशेल फायफर यांनी भूमिका केल्या. शेक्सपिअरची सर्व नाटके क्रमाने सादर करण्याचा संकल्प पॅप याने १९८७ मध्ये जाहीर केला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९९७ मध्ये, डेलाकॉर्टमधील आठव्या हेन्रीवरील नाटकाने पूर्ण झाला.

रांग व तिचे मोल : तिकीट विनामूल्य असले, तरी जागा मर्यादित असल्याने ते मिळविण्यासाठी रांग अपरिहार्य ठरली. प्रयोगाच्या दिवशी पहाटेपासून, गाजलेल्या नाटकांच्या वेळी आदल्या रात्रीपासून, लोक उद्यानाजवळ रांग लावत व दुपारी प्रत्येकास दोन तिकिटे मिळत. चटया, डबे व पुस्तके घेऊन आलेल्या अनोळखी माणसांचा हा मेळा स्वतःच एक सामाजिक सोहळा बनला. परंतु ज्याला दिवसभराची रजा मिळत नाही, त्याला विनामूल्य तिकीटही परवडत नाही, ही वस्तुस्थिती त्यातून पुढे आली. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहणारे लोक निर्माण झाले. २०१० मध्ये अल पचिनो याच्या शायलॉकमुळे गाजलेल्या द मर्चंट ऑफ व्हेनिसच्या वेळी तिकिटांची विक्री थांबविण्यासाठी राज्याच्या महान्यायवाद्यास हस्तक्षेप करावा लागला. संगणकीय सोडत, तसेच शहराच्या दूरच्या विभागांत तिकीटवाटप असे उपाय योजण्यात आले. देणगीदारांसाठी काही जागा राखून ठेवण्याची प्रथाही आहे. तिच्यामुळे खर्चाचा काही भाग भागतो, परंतु दारात नाकारलेले मूल्य ती वेगळ्या वाटेने आत आणते, अशी टीकाही होते.

व्यापारी पुरस्कर्त्यांवरील अवलंबित्वाची मर्यादा २०१७ मध्ये प्रत्ययास आली. त्या उन्हाळ्यातील ज्यूलिअस सीझरमध्ये सीझरचे रूप तत्कालीन राष्ट्राध्यक्षांसारखे दाखविण्यात आल्याने गदारोळ उठला व दोन मोठ्या कंपन्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला.

नागरिक-नट : प्रेक्षागृहाचे दार उघडले, तरी रंगमंच व्यावसायिक नटांसाठीच राखीव राहिला होता. ही सीमा ओलांडण्याचा प्रयत्न पब्लिक थिएटरच्या ‘पब्लिक वर्क्स’ या कार्यक्रमाने केला. लिअर डबेसोने या दिग्दर्शिकेच्या पुढाकाराने २०१३ मध्ये डेलाकॉर्टमध्ये झालेल्या द टेंपेस्टच्या संगीत रूपात थोड्या व्यावसायिक नटांबरोबर सुमारे २०० नागरिकांनी काम केले. घरकामगार, माजी सैनिक, तुरुंगातून सुटून नवे आयुष्य सुरू करणारे लोक, निवृत्त वृद्ध व शाळकरी मुले यांचा त्यांत समावेश होता. त्यांच्या संघटनांबरोबर वर्षभर नाट्यवर्ग चालतात व प्रयोग हे त्या वर्गांचे फळ असते. १९१६ मधील कॅलिबनच्या खेळाचा आदर्श या कल्पनेमागे होता.

या पद्धतीचा सर्वांत समर्पक आविष्कार ॲज यू लाइक इटमध्ये दिसून आला. शेना टॉब व लॉरी वूलरी यांनी केलेले त्याचे संगीत रूपांतर सप्टेंबर २०१७ मध्ये काही दिवस व २०२२ मध्ये पूर्ण हंगामात सादर झाले. हद्दपार झालेला ड्यूक, वारसा हिरावला गेलेला ऑर्लँडो, पुरुषवेशात वावरणारी रॉझलिंड आणि मेंढपाळ हे सारे आर्डनच्या अरण्यात एकत्र येतात व अखेरीस अनेक विवाहांनी नाटक संपते. घराबाहेर फेकल्या गेलेल्या माणसांनी दुसरीकडे आपला समाज उभारण्याची ही कथा, ज्यांनी ते प्रत्यक्ष अनुभवले होते अशा नागरिकांच्या तोंडून आली. उच्चार व अभिनय यांचा व्यावसायिक सफाईदारपणा सर्वत्र सारखा नव्हता. पण विवाहाच्या अंतिम दृश्यात रंगमंचावर जमलेला समुदाय हा प्रेक्षागृहातील समुदायाचाच एक भाग होता. हौशी नटांच्या सहभागाने दर्जा खालावतो, या आक्षेपास या प्रयोगाने वादविवादाऐवजी कृतीने उत्तर दिले.

सुखात्मिकांना स्थानिक रूप देण्याची प्रवृत्ती इतर निर्मितींतही दिसते. केनी लिऑनच्या २०१९ मधील मच अडू अबाउट नथिंगमध्ये सर्व भूमिका कृष्णवर्णीय नटांनी केल्या व कथानक जॉर्जिया राज्यात घडविले. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० चा हंगाम रद्द झाला. २०२१ मध्ये जोसलिन बिओ हिने द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसरचे रूपांतर करून त्यातील पात्रे हार्लेममधील पश्चिम आफ्रिकी वसाहतीत आणली. २०२३ च्या हंगामानंतर नूतनीकरणासाठी डेलाकॉर्ट बंद असताना द कॉमेडी ऑफ एरर्सचे इंग्रजी-स्पॅनिश प्रयोग उद्यानांतून व चौकांतून फिरविण्यात आले. सुमारे ८.५ कोटी डॉलर खर्चून नूतनीकरण झालेले रंगमंदिर ऑगस्ट २०२५ मध्ये सहीम अली दिग्दर्शित ट्वेल्फ्थ नाइटने पुन्हा उघडले. त्यात समुद्रात जहाज फुटून ताटातूट झालेल्या व्हायोला व सेबॅस्टिअन या भावंडांच्या भूमिका लुपिटा न्योंगो व तिचा भाऊ ज्यूनिअर न्योंगो यांनी केल्या. परस्परांशी बोलताना ती काही ठिकाणी स्वाहिली भाषा वापरत. परमुलखात येऊन पडलेल्या माणसाचा एकाकीपणा त्यामुळे स्थलांतरितांच्या या शहरात वेगळ्या अर्थाने जाणवला.

प्रसार : न्यूयॉर्कच्या यशानंतर अशा प्रयोगांची लाट उत्तर अमेरिकेत पसरली. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे १९६० पासून उद्यानात शेक्सपिअरची नाटके होऊ लागली. कॅनडातील टोराँटोच्या हाय पार्कमध्ये १९८३ साली अ मिडसमर नाइट्स ड्रीमने अशीच परंपरा सुरू झाली. त्याच वर्षी सॅन फ्रॅन्सिस्कोमध्ये उद्यानातील विनामूल्य प्रयोगांस प्रारंभ झाला. बॉस्टनमध्ये १९९६ मध्ये कॉमनवेल्थ शेक्सपिअर कंपनीने अ मिडसमर नाइट्स ड्रीमनेच आपल्या कार्यास आरंभ केला. अनेक लहान गावांत तर शिक्षक, दुकानदार व विद्यार्थी मिळून दर उन्हाळ्यात एखादी सुखात्मिका बसवितात व गावच्या हिरवळीवर तिचे प्रयोग करतात. मोजकी वेशभूषा, नसल्यासारखेच नेपथ्य आणि प्रयोगानंतर फिरविली जाणारी टोपी एवढेच त्यांचे भांडवल असते.

मूल्यमापन : या प्रयोगांनी शेक्सपिअरच्या अभ्यासात मूलभूत भर घातली, असे म्हणता येणार नाही. त्यांच्यावर ढोबळपणाचा व नामवंतांच्या आकर्षणावर विसंबण्याचा दोषही ठेवला जातो. परंतु अभिजात नाटक हे शिक्षित व संपन्न वर्गाचे वतन आहे, ही समजूत त्यांनी ढासळविली. १९५६ पासूनच्या इतिहासात ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थही व्यापक होत गेलेला दिसतो : प्रथम दारातील पैसा वगळला गेला, नंतर रांगेत खर्ची पडणाऱ्या वेळेचा विचार आला, अखेरीस रंगमंचावर कोणाला स्थान आहे, हा प्रश्न विचारला गेला. त्यांपैकी कोणताही प्रश्न कायमचा सुटलेला नाही. प्रत्येक हंगामात खर्चाची तोंडमिळवणी नव्याने करावी लागते आणि हिरवळ दरवर्षी पुन्हा लावावी लागते.